बंधाऱ्याच्या पाण्यावरील नौका

कोकण-गोव्याच्या खाड्यांतून होडी बारमाही चालते. घाटावरील नद्यांचे तसे नाही. श्रावणात दुथडी आणि वैशाखात वाळवंट. मग पुण्याच्या मुळा-मुठेवर नौकाविहाराचा क्लब कसा निघाला? त्याचे मूळ आम्हांस १८५० साली पुऱ्या झालेल्या बंधाऱ्यात दिसते. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सर जमशेटजी जिजीभाई या पारशी दानशूराने उचलला, तो लोकांस पाणी मिळावे म्हणून. त्या अडविलेल्या पाण्याकाठी १८६८ मध्ये साहेब लोकांनी बोट क्लब स्थापिला. मुंबई इलाख्याच्या सैन्याचे अधिपती असलेल्या ड्यूक ऑफ कॅनॉट यांचे नाव त्यास पुढे लाभले. पाणी दानाचे, वल्ही मात्र साहेबांची!

मुळा आणि मुठा जेथे मिळतात तो संगम आम्हांस स्नानदानाचे ठिकाण. त्याच्याच जवळ इंजिनियरिंग कॉलेजात १९२८ मध्ये दुसरा बोट क्लब निघाला आणि वल्ही विद्यार्थ्यांच्या हाती आली. त्यांच्या ‘रेगॅटा’त नावा बाणाच्या आकारात सरकू लागल्या की काठावरची गर्दी हरखून जाते. हल्ली मात्र नदीत जलपर्णी माजते, आणि नाव लोटण्याआधी ती उपसावी लागते.