हजेरीपटामागचे मूल : विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि शालेय समुपदेशनाचा इतिहास



तुमच्याविषयीच्या नोंदी तुम्ही पहिलीत गेलात तेव्हापासून कोणीतरी ठेवत आले आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट, प्रगतिपुस्तक, बोर्डाची गुणपत्रिका आणि आता महाविद्यालयाचे संगणकीय पोर्टल. या नोंदींचा तुम्हाला काय उपयोग झाला? दाखला मिळाला, प्रवेश मिळाला, किंवा नाकारला गेला. पण एखाद्या नोंदीकडे पाहून कोणी तुम्हाला जवळ बोलावले आणि विचारले, ‘बाळा, काय अडचण आहे?’ असे किती वेळा घडले?

या पाठात आपण याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. विद्यार्थ्यांची माहिती निवड करण्यासाठी वापरायची की आधार देण्यासाठी, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

एक अनुभव

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी पालक-शिक्षक म्हणून सोपवलेले असतात. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात जबलपूरच्या घमापुरातला एक मुलगा होता. त्याची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली. पोर्टलवर त्याचे नाव लाल झाले, घरी संदेश गेला, मी यादीवर सही केली. त्याला परीक्षेला बसता आले नाही. त्यानंतर तो भेटायला आला तेव्हा मी प्रथमच त्याची हजेरी तारीखवार पाहिली. जवळजवळ सगळ्या गैरहजेऱ्या पहिल्या तासाच्या होत्या. वडील आजारी पडल्यापासून सकाळी दुकान तोच उघडत होता. दुपारचा एकही तास त्याने बुडवला नव्हता.

ही माहिती दोन महिने माझ्यासमोर होती. मी फक्त तिची बेरीज वाचली होती. चूक माझी होती, आणि ती चूक नेमकी कोणती हे मला या विषयाचा इतिहास वाचताना कळले.

नोंदीत काय येते, काय राहते

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा जन्म १८९१ सालचा, महू येथला, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला. साताऱ्याची ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

रजिस्टरमध्ये नाव आले, तारीख आली, इयत्ता आली. पण या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून आणावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय त्याला पाणी पिता येत नसे, हे त्या नोंदीत कुठेच नाही. ते आपल्याला त्यांच्या आत्मकथनपर लेखनातून कळते. शाळेच्या दृष्टीने तो मुलगा ‘हजर’ होता. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागदपत्र हाती घेतल्यावर जो पहिला प्रश्न विचारायचा, तोच समुपदेशकानेही विचारायचा असतो : ही नोंद कोणी केली, कशासाठी केली, आणि तिच्यात काय आलेले नाही?

मदतीसाठी बनलेली मोजपट्टी

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांची आकलनशक्ती मोजण्याची पहिली उपयुक्त श्रेणी तयार केली. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सर्व प्रकारची मुले शाळेत येत होती. त्यांपैकी कोणाला वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. १९०८ च्या सुधारणेत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. बुद्धी ही जन्मभर तेवढीच राहणारी गोष्ट आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. योग्य सरावाने मूल सुधारते असे ते मानत.

पण मोजपट्टी फ्रान्सबाहेर गेली आणि हेतू बदलला. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांची स्टॅनफर्ड-बिने चाचणी आली. पहिल्या महायुद्धात सैनिकांची वर्गवारी चाचण्यांनी झाली. मूल ‘कुठे अडले’ हे पाहण्यासाठी बनलेला आकडा मूल ‘कोणत्या दर्जाचे’ हे सांगू लागला.

त्याच काळात बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स वेगळ्या वाटेने जात होते. १९०८ मध्ये त्यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे कार्यालय सुरू केले. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती : स्वतःला ओळखणे, कामधंद्यांची माहिती घेणे, आणि दोन्हींचा मेळ घालणे. यात माहिती भरपूर गोळा केली जाई, पण निर्णय त्या तरुणाचाच असे. शालेय समुपदेशनाचे मूळ इथे सापडते.

भारतीय भाषांत

आपल्याकडे १९२० च्या दशकात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. एच. राइस यांनी बिने श्रेणीचे हिंदुस्तानी रूप तयार केले. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी धारवाड भागातल्या मुलांवर काम करून कानडी आणि मराठीसाठी बिने चाचणी बसवली, आणि १९४० मध्ये त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. कामत चाचणी पुढे अनेक दशके आपल्याकडच्या मानसोपचार विभागांत आणि मार्गदर्शन केंद्रांत वापरात राहिली.

येथे ‘प्रमाणीकरण’ हा शब्द नीट समजून घ्या. प्रश्नांचे नुसते भाषांतर केले तर पॅरिसच्या मुलाला माहीत असलेली वस्तू धारवाडच्या मुलाला अनोळखी असेल आणि त्याचे गुण विनाकारण कमी होतील. म्हणून प्रश्न इथल्या मुलांना विचारून, कोणत्या वयाची बहुतेक मुले कोणता प्रश्न सोडवतात हे पाहून, श्रेणी नव्याने लावावी लागते. आकडा मुलाविषयी बोलतो की चाचणीविषयी, हे यावरून ठरते.

जबलपूरचाही या इतिहासाशी संबंध आहे. येथील प्रसिद्ध मॉडेल स्कूल पंडित लज्जाशंकर झा यांच्या नावाने ओळखले जाते. हिंदीतून बुद्धिमापन चाचण्या तयार करणाऱ्या सुरुवातीच्या शिक्षणतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे हिंदी आणि मराठी शाळा एकाच शिक्षणखात्याखाली चालत. शैक्षणिक मानसशास्त्र आणि मार्गदर्शन या विषयांना वाहिलेले एक सरकारी महाविद्यालयही जबलपुरात आहे.

टक्केवारी आणि नाव

१९२९ च्या हार्टोग समितीने ‘गळती’ आणि ‘स्थगन’ हे शब्द शिक्षणचर्चेत रुजवले. समितीने दाखवले की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ होती. आकडा धक्कादायक होता आणि धोरणासाठी उपयोगीही. पण तो वर्गांच्या एकूण संख्यांची तुलना करून काढलेला होता. उरलेली ८२ मुले कोण, कोणत्या महिन्यात आणि का गेली, हे त्यातून कळत नाही. कोणी शेतावर गेले, कोणी त्याच वर्गात राहिले, कोणाचे लग्न झाले.

टक्केवारी सरकारला सांगते की प्रश्न केवढा आहे. समुपदेशकाला मात्र नाव लागते. हा भेद लक्षात ठेवा. मी घमापुरातल्या त्या मुलाच्या बाबतीत टक्केवारीवर थांबलो होतो.

संचयी नोंदपत्रक : चांगली कल्पना, अर्धी अंमलबजावणी

स्वातंत्र्याच्या सुमारास मार्गदर्शन संस्था उभ्या राहू लागल्या. आचार्य नरेंद्र देव समितीच्या १९३९ च्या शिफारशीनुसार अलाहाबादला १९४७ मध्ये मनोविज्ञानशाळा निघाली. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन संस्था आली.

या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाचा अहवाल. एका अंतिम परीक्षेवर मुलाचे भवितव्य ठरू नये, म्हणून आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याचे ‘संचयी नोंदपत्रक’ ठेवण्याची शिफारस केली. वर्षानुवर्षांचे गुण, आरोग्य, आवडी, स्वभाव, घरची परिस्थिती असे सारे एकत्र, आणि मुलाबरोबर वर्गातून वर्गात जाणारे. त्याच्या जोडीला शाळांत मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्टर असावेत, असेही सुचवले.

मग ते रुजले का नाही? प्रवेश आणि नोकरी बोर्डाच्या गुणांवरच मिळत राहिली, म्हणून नोंदपत्रकाकडे पाहण्याची कोणालाच निकड नव्हती. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाचा शिक्षक वर्षअखेरीस एका बैठकीत सगळी पत्रके भरू लागला, आणि ‘वर्तन चांगले’ हे दोन शब्द सर्वांच्या वाट्याला आले. शिवाय पत्रक वाचून मुलाशी बोलणारा माणूस शाळेत नव्हताच. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हे ओळखून दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक तरी असावा, अशी किमान अपेक्षा ठेवली. तीही बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली.

अलीकडचे प्रयत्न

महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने झालेल्या या उपक्रमात कृषी, कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, ललित कला आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल दाखवला जाई. खेड्यातल्या मुलालाही हा अहवाल मिळू लागला, ही मोठी गोष्ट होती. पण कल म्हणजे आवड. आवड आणि क्षमता एकच नव्हेत, आणि घरची ऐपत तर तिसरीच गोष्ट. ‘ललित कला’ असा शेरा घेऊन मुलगी घरी गेली, तर आईवडिलांशी बोलायला कोणीतरी हवे. अहवाल ते काम करत नाही.

मध्य प्रदेशात २०१६ मध्येच ‘रुक जाना नहीं’ योजना सुरू झाली. बोर्डात नापास झालेल्यांना राज्य मुक्त शाळेमार्फत पुन्हा परीक्षेची संधी मिळू लागली. नापासांची यादी पूर्वी फलकावर लावण्यासाठी असे, इथे तीच यादी दुसऱ्या संधीचे आमंत्रण ठरली. एकाच माहितीचा हेतू बदलला की परिणाम किती बदलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे, आणि आता विद्यार्थ्यांना बारा अंकी ‘अपार’ क्रमांक दिला जातो. मुदलियार आयोगाला हवी असलेली, मुलाबरोबर चालणारी नोंद आता तंत्रज्ञानामुळे शक्य आहे. म्हणूनच जुनी चूक पुन्हा होऊ नये याची काळजी अधिक हवी.

इतिहासातून समुपदेशकाने काय घ्यावे

पहिले, बेरजेआधी बदल पाहावा. सतत साठ गुण मिळवणाऱ्या मुलापेक्षा ऐंशीवरून साठवर आलेल्या मुलाला आधी भेटायला हवे. गैरहजेरी किती यापेक्षा कोणत्या वारी, कोणत्या तासाला, हे अधिक बोलके असते.

दुसरे, एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. हजेरी, गुण, शिक्षकांचे निरीक्षण आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे एकमेकांशी ताडून पाहावे. इतिहासकार साधनांची छाननी करतो ती अशीच.

तिसरे, नोंद ही संभाषणाची सुरुवात असावी. ‘तुझी हजेरी कमी आहे’ याऐवजी ‘सकाळी यायला जड जाते का?’ असे विचारले तर मूल बोलते.

चौथे, गोपनीयता. मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट शिक्षकखोलीतल्या चहाबरोबर वाटायची नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हा नियम आहे. कायदा नसता तरी हा विश्वास पाळावाच लागला असता, कारण तो तुटला की मूल पुन्हा बोलत नाही.

समारोप

घमापुरातला तो मुलगा पुढच्या सत्रात परीक्षेला बसला. पहिल्या तासाच्या शिक्षकांशी बोलून त्याच्यासाठी काय करता येईल ते आम्ही ठरवले. त्याला लागले फक्त एक संभाषण, जे दोन महिने आधी होऊ शकले असते. त्याचे एक सत्र मात्र गेले, ते परत आले नाही. तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक व्हाल, काही जण शाळांसाठी अशी पोर्टल तयार कराल. लाल झालेल्या नावापुढे ‘कोण भेटले, काय बोलणे झाले’ असा एक रकाना ठेवा, आणि तो भरला जातो की नाही हे पाहा.

सरावासाठी प्रश्न

१. बिने यांच्या श्रेणीचा मूळ हेतू आणि नंतरचा वापर यांतील फरक स्पष्ट करा.
२. हार्टोग समितीच्या आकडेवारीचा उपयोग आणि मर्यादा सांगा.
३. संचयी नोंदपत्रकाची कल्पना शाळांत का रुजली नाही? तुमच्या शाळेतील अनुभवाच्या आधारे चर्चा करा.
४. तुमची स्वतःची एका सत्राची हजेरी तारीखवार तपासा. तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, ते दहा ओळींत लिहा.