डॉस : विशेष कामांतील उपयुक्तता

डॉस ही वैयक्तिक संगणकांच्या पहिल्या पिढीची कार्यप्रणाली होय. सर्वसाधारण व्यवहारातून ती निवृत्त होऊन बराच काळ लोटला असला, तरी यंत्रनियंत्रण, मापन, संगणकांची दुरुस्ती आणि एकाग्र लेखन अशा निवडक कामांत तिचा उपयोग अद्याप चालू आहे. आणि तो केवळ जुन्याच्या मोहापायी किंवा खर्चाच्या धास्तीने होतो असे मानणे तिच्या रचनेतील गुणांवर अन्याय करणारे ठरेल. प्रस्तुत नोंदीत तिच्या समग्र इतिहासापेक्षा या गुणांचाच विचार मुख्यतः केला आहे.

सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरसाठी १९८० मध्ये जी प्रणाली लिहिली, तिचे हक्क मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये विकत घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्याबरोबर ती लोकांच्या हाती पडली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हार्ड डिस्क आणि शाखोपशाखांनी मांडलेल्या डिरेक्टऱ्या आल्या. १९९४ ची ६.२२ ही स्वतंत्रपणे विकली गेलेली मायक्रोसॉफ्टची शेवटची आवृत्ती.

डॉसचा स्वभाव एका वाक्यात सांगावयाचा तर ती एका वेळी एकच प्रोग्राम चालवते, आणि त्या प्रोग्रामला मेमरीत आणून कारभार त्याच्या स्वाधीन केला की स्वतः बाजूला होते. फाइल उघडणे, अक्षर वाचणे, तारीख सांगणे अशा सेवा ती देते, पण मागितल्या तरच. कोणत्या प्रोग्रामने मेमरीच्या कोणत्या भागास हात लावावा, कोणत्या पोर्टवर काय लिहावे, यावर तिची देखरेख नाही. वापरणाऱ्यांचे अधिकार निरनिराळे ठरविण्याची तजवीज तिच्यात नाही. दहा माणसांच्या कचेरीत हा दोष असह्य होईल यात शंका नाही. परंतु ज्या संगणकाने आयुष्यभर एकच काम करावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हीच उणीव सर्वांत मोठा गुण होऊन बसते, कारण तेथे प्रोग्रामच्या आणि यंत्राच्या मध्ये तिसरा कोणी उरत नाही.

याचे प्रत्यक्ष स्वरूप स्टेपर मोटरीवर चालणाऱ्या एखाद्या मिलिंग यंत्रात उत्तम दिसते. अशा मोटरीचा दांडा प्रत्येक विद्युत्‌स्पंदाला १.८ अंश, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला २०० पावले फिरतो. त्याला पाच मिलिमीटर अंतराचा स्क्रू जोडला की एका स्पंदाला यंत्राचा टेबल ०.०२५ मिलिमीटर सरकतो. मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने धातू कापावयाचा असेल, तर सेकंदाला ४०० स्पंद, म्हणजे दर अडीच मिलिसेकंदांनी एक, बिनचूक गेला पाहिजे. डॉसखाली चालणारा प्रोग्राम हे काम प्रिंटरसाठी असलेल्या पॅरलल पोर्टवर, बहुधा षोडशमान पद्धतीने ३७८ या पत्त्यावर, एकेक बाइट लिहून करतो. बाइट लिहिताक्षणी पोर्टच्या आठ तारांवर त्यातील आठ बिटांप्रमाणे उच्च किंवा शून्य व्होल्टता उमटते. वेळ मोजण्यासाठी तो टायमर चिप थेट वाचतो, आणि गरज पडल्यास प्रोसेसरला एका आज्ञेने सर्व व्यत्यय तात्पुरते बंद करावयास लावतो. मग सेकंदाला सुमारे १८.२ वेळा होणारी डॉसच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा थांबते आणि ते घड्याळ मागे पडते, पण मोटरीच्या स्पंदांत खंड पडत नाही. हेच काम अनेक प्रोग्राम आळीपाळीने चालविणाऱ्या सामान्य प्रणालीवर सोपविले, आणि तिने दुसऱ्या कशाकडे लक्ष देण्यासाठी दहा-पंधरा मिलिसेकंदांचा अवकाश घेतला, तर तेवढ्यात चार ते सहा स्पंद चुकतात, मोटर अडखळते आणि कापलेला भाग रद्द करावा लागतो. आजची नवी यंत्रे हे स्पंद निर्माण करण्याचे काम स्वतंत्र कंट्रोलरकडे देतात आणि ती व्यवस्था निःसंशय अधिक चांगली आहे. तथापि ज्या यंत्राचा बिडाचा सांगाडा अजून निर्दोष आहे, त्याचा मेंदू केवळ जुना म्हणून काढून टाकण्यास कोणतेही तांत्रिक कारण नाही.

डॉसचा दुसरा गुण तिच्या आरंभात आणि अखेरीत आहे. संगणक सुरू होताच डिस्कवरील ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर वाचला जातो, त्यामागून प्रणालीच्या दोन मूळ फाइली आणि आज्ञा वाचणारा कमांड.कॉम हा प्रोग्राम मेमरीत येतो, आणि शेवटी ऑटोएक्झेक.बॅट या साध्या मजकुराच्या फाइलीतील आज्ञा ओळीने अमलात येतात. त्या फाइलीच्या अखेरच्या ओळीत आपल्या प्रोग्रामचे नाव लिहिले की संगणक सुरू होताच ते उपकरण कामाला सिद्ध होते. आणि हा सारा संभार १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत मावतो. बंद करतानाही निरोपाचा विधी नाही. फाइल लिहून पूर्ण झाली असेल आणि लेखन लांबणीवर टाकणारी डिस्क-कॅश चालू नसेल, तर बटण दाबून वीज तोडली तरी चालते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील कारखानदारास या गुणाचे मोल समजावून सांगावे लागू नये.

डॉसला सुरक्षित म्हणण्याचा प्रघात मात्र चुकीचा आहे. तिच्यात संरक्षणाची व्यवस्था जवळजवळ नाहीच, आणि १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून जगभर पसरला तो याच प्रणालीच्या संगणकांवर. तिला मुळात जाळ्याशी जोडलेले नसते म्हणून जाळ्यावाटे येणारा उपद्रव तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढेच म्हणता येईल. या विलगतेचा लाभ लेखकांनीही घेतला आहे: कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले, की ते इंटरनेटशी न जोडलेल्या डॉस संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात.

तिच्या मर्यादा प्रणालीपेक्षा यंत्रसामग्रीतच अधिक आहेत. ६४० किलोबाइटांची मेमरी आणि आठ अधिक तीन अक्षरांची फाइलनावे यांच्याशी जुळवून घेता येते. पण जी मापन-कार्डे ज्या आयएसए खाचेत बसत, ती खाच नव्या संगणकांत नाही, आणि यूईएफआयने सुरू होणाऱ्या ज्या संगणकांतून जुन्या बायोसची सोय काढून टाकली आहे, त्यांवर डॉस थेट चढतच नाही. म्हणून जुनेच संगणक टिकविण्यासाठी जाणकार तंत्रज्ञ फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी साध्या अडॅप्टरने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवितात, कारण त्या कार्डाला हार्ड डिस्कचीच आयडीई भाषा येते. आणि बोर्डावरील घड्याळाची बॅटरी संपण्यापूर्वीच बदलतात. डॉसबॉक्ससारखे अनुकारक हिशेबाच्या प्रोग्रामला पुरतात, पण स्पंद मोजून देण्याच्या कामात त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

प्रणालीच्या हक्कांचा प्रश्न आता अडचणीचा राहिलेला नाही. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये आरंभिलेली फ्रीडॉस ही मुक्त आणि सुसंगत प्रणाली २००६ मध्ये १.० आवृत्तीस पोचली व अद्याप तिचा विकास चालू आहे. भारतात विंडोजशिवाय विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांवर ‘डॉस’ असा उल्लेख असतो तो बहुधा तिचाच. मायक्रोसॉफ्टनेही १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा मूळ संकेत २०१४ मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियमच्या द्वारे उपलब्ध केला, २०१८ मध्ये तो मुक्त परवान्याखाली आणला, आणि २०२४ मध्ये ४.०० ची त्यात भर घातली.

मराठीच्या दृष्टीने या प्रणालीचे महत्त्व निराळेच आहे. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसविले, की डीबेस किंवा वर्डस्टारसारखे मूळचे इंग्रजी प्रोग्राम, त्यांत काहीही फेरफार न करता, देवनागरी दाखवू लागत. नावनिशीच्या याद्या, देयके आणि दप्तरातील पत्रव्यवहार मराठीत छापण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. त्यातील मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठविलेला असे, आणि तिला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली असल्यामुळे हा मजकूर नव्या संकेतात आणणे बऱ्याच अंशी अक्षरास अक्षर लावण्याइतके सरळ आहे. ज्या मजकुरात फॉन्टमधील तुकड्यांचेच क्रमांक साठविले गेले, त्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे कोष्टक करावे लागते. कपाटात पडलेल्या फ्लॉप्यांवरील चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होत जातो, तेव्हा त्या वाचू शकणारा एखादा डॉस संगणक चालू स्थितीत राखून हे रूपांतर आताच उरकणे अगत्याचे आहे.