सातबारा आणि साठवलेली पानं

सातबारा कधी नीट निरखून पाहिलाय? रकाने साऱ्या महाराष्ट्रात सारखे. 'गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा' हे साऱ्या सोनाळ्याला सारखं. खातेदाराचं नाव, क्षेत्र आणि पीक मात्र ज्याचं त्याचं. कोरे नमुने गठ्ठ्याने छापून ठेवायचे, उरलेलं तलाठ्याने हाताने भरायचं. छापील काय आणि लिहिलेलं काय, ते डोळ्यांना सरळ दिसायचं.

इंटरनेटवर हेच अवघड होऊन बसलं. दरवेळी पान नव्याने तयार करायला वेळ लागतो, म्हणून वाटेतला एखादा सर्व्हर तयार प्रत ठेवून घेतो आणि पुढच्याला तीच देतो. याला म्हणतात कॅशिंग. प्रत ओळखायची ती पत्त्यावरून. पत्ता तोच, तर पानही तेच!

पण १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी 'कुकी' आणली, म्हणजे कोण आलंय ते सर्व्हरला सांगणारी चिठ्ठी. आता 'माझं खातं' हा पत्ता एकच, पण तुमचं पान वेगळं नि माझं वेगळं. सातबाऱ्याचं तसं नाही. गट क्रमांक सांगितला की कुणीही मागो, उतारा तोच.

१९९७ च्या एचटीटीपी १.१ नियमावलीत 'प्रायव्हेट' असा शेरा आला. तो असला की वाटेतल्या कुणी प्रत ठेवायची नाही. मग नुसत्या 'नमस्कार, अमुकराव' एवढ्यासाठी अख्खं पान पुन्हा बनवायचं? २००१ मध्ये अकामाई, ओरॅकल वगैरे कंपन्यांनी 'एज साइड इन्क्लूड्स' सुचवलं: सगळ्यांचा भाग साठवा, रिकाम्या चौकटी माणूस बघून भरा. म्हणजे आपला छापील नमुनाच की! नॉर्वेतल्या एका वर्तमानपत्रासाठी जन्मलेल्या आणि २००६ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'वार्निश'मध्येही पुढे ही सोय आली.

ही सीमारेषा चुकली की काय होतं, ते २५ डिसेंबर २०१५ ला दिसलं. 'स्टीम' या खेळांच्या दुकानावर हल्ला चालू होता. भार हलका करायला कॅशिंगचे नियम बदलले गेले, त्यात चूक झाली आणि लोकांना परक्यांची खाती दिसू लागली. कुणाचा पत्ता, कुणाची खरेदी. सुमारे ३४ हजार जणांची पानं अशी इतरांपुढे गेली असावीत, असं कंपनीनेच नंतर सांगितलं.

पान उशिरा आलं तर आपण कुरकुरतो आणि विसरतो. परक्याने वाचलेला आपला पत्ता मात्र परत घेता येत नाही. म्हणून मला वाटतं, शंका असेल तिथे प्रत ठेवूच नये. दोन क्षण थांबू की!