कांच करणें आणि कांच सांधणें : नाशिकच्या गढीवरील एका तुकड्याच्या निमित्तानें

नाशिक शहरांत गोदावरीच्या कांठीं मातीची गढी म्हणून जें जुन्या वस्तीचें टेकाड आहे, त्याचा कडा पावसाळ्यांत ढासळतो, आणि मातीबरोबर शतकानुशतकांचा केर खालीं घसरतो. त्यांत खापऱ्या, विटांचे तुकडे व हाडें असतात. क्वचित् कांचेच्या बांगडीचा एखादा तुकडाही असतो. या गढीचें उत्खनन १९५०-५१ सालीं डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया व डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनीं केलें, व जोर्वे येथील उत्खननासह त्याचा वृत्तांत १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगापासून मुसलमान-मराठे काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्यामुळें उजेडांत आले. खापऱ्यांवरून काळ ठरतो व नाण्यांवरून राजा ठरतो, म्हणून त्यांची चर्चा पुष्कळ होते. बांगडीच्या तुकड्यावरून काय ठरतें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

त्याचें निमित्त असें झालें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें घरीं विजेची लहानशी भट्टी ठेवली आहे. रंगीत कांच कापून तिचे तुकडे एकमेकांवर मांडावे, सुमारें ८०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ते एकजीव होऊं द्यावे, व ताटें, लोलक, चित्रफलक असे जिन्नस करावे, असा त्याचा छंद आहे. यांत कांच फुंकावी लागत नाहीं. ती मऊ होऊन आपल्या जागींच दुसऱ्या कांचेंत मिसळते. त्यानें मला विचारलें, "गुरुजी, ही कला आपली कीं परकी?" त्याच्या परिचितांपैकीं कोणी तिला निव्वळ विलायती ठरवीत, तर कोणी ती वेदकाळापासून आपलीच असल्याचें सांगत. दोन्ही उत्तरें पुराव्यावांचून दिलेलीं आहेत, हें दाखविणें मला कर्तव्य वाटलें.

प्रथम शब्दांचा पुरावा घेऊं. मराठी 'कांच' हा संस्कृत 'काच' शब्दच आहे. अनुनासिक मागाहून शिरलें. शतपथ ब्राह्मणांत अश्वमेधप्रसंगीं राजस्त्रिया घोड्याच्या आयाळींत 'काच' ओंवतात असें वर्णन आहे. एवढ्यावरून वैदिक काळीं कांच होती असें अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु तेथें 'काच' म्हणजे ओंवावयाचा मणी, इतकेंच निश्चित आहे; तो मणी कोणत्या द्रव्याचा, हें त्या शब्दावरून ठरत नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत मात्र सुवर्णकाराच्या कामांपैकीं 'क्षेपण' म्हणजे दागिन्यांत काच बसविणें वगैरे, असा अर्थ दिला आहे. अमरसिंहानें तर वैश्यवर्गांत 'क्षार' व 'काच' हे पर्यायशब्द म्हणून दिले आहेत. वाळू वितळण्यास क्षार लागतो. त्यावांचून ती साध्या भट्टीच्या आंचेस दाद देत नाहीं. कारागिराच्या भट्टींतील हें मर्म कोशकाराच्या पर्यायांत टिकून राहिलें आहे, असें मला वाटतें.

कवींनीं मात्र कांचेला कधीं मान दिला नाहीं. सुभाषितांत ती नेहमीं खऱ्या मण्याशेजारीं खोटा मणी म्हणून उभी केलेली असते. जी वस्तु वाङ्मयांत केवळ तोतयेपणाचें उदाहरण म्हणून येते, तिच्या कारागिराचें वृत्त वाङ्मयांत शोधून सांपडणार नाहीं, हें उघड आहे.

शिलालेखांतही तें सांपडत नाहीं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या वर्ष ४२ च्या लेखांत, त्याचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोलिकांच्या म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवल्याचें नमूद आहे. त्यांपैकीं २००० दरमहा शेंकडा एक व १००० दरमहा शेंकडा पाऊण टक्का व्याजानें होते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखांत कुलरिक, ओदयंत्रिक व तिलपिषक यांच्या श्रेणी आहेत. त्यांचा अर्थ कुंभार, जलयंत्र करणारे व तेली असा लावितात. कांचेचें काम करणाऱ्यांची श्रेणी या लेखांत नाहीं. ती नव्हतीच असें यावरून म्हणतां येत नाहीं, आणि असावी असेंही म्हणतां येत नाहीं. मौनाला साक्षीदार करूं नये.

आतां प्रश्नाची मांडणीच बदलली पाहिजे. 'कांच करणें' आणि 'कांच घडविणें' हे दोन निराळे उद्योग आहेत. पहिल्यांत वाळू व क्षार यांपासून नवी कांच सिद्ध करावयाची. त्यास मोठी भट्टी, पुष्कळ सरपण व अनेक दिवस लागतात. दुसऱ्यांत तयार कांच पुनः तापवून तिला आकार द्यावयाचा किंवा तिचे तुकडे सांधावयाचे. हें काम एका कुटुंबाला करतां येतें. हे दोन उद्योग फार पूर्वीं वेगळे झाले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालांत कच्ची कांच दिली आहे. कच्ची कांच मागविली जाते, त्या अर्थीं ती वितळवून घडविणारे हात या देशांत होते. पैठण व तगर (आजचें तेर) येथील माल गाड्यांतून भडोचास जाई, असें तोच ग्रंथ सांगतो. आणि उषवदाताच्या लेखांत भरुकच्छ व गोवर्धन हीं नांवें एकत्र येतात. भडोचचा माल नाशिकच्या बाजूस येणें मुळींच अवघड नव्हतें.

कांच करण्याचा उद्योगही महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडच्या सुभ्याचें वर्णन करतांना अबुल फजल लिहितो कीं, लोणारच्या परिसरांत कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात. लोणारचें खाऱ्या पाण्याचें सरोवर क्षारांविषयीं प्रसिद्धच आहे. अमरसिंहाचा पर्याय येथें भूगोलांत उतरलेला दिसतो.

आतां त्या बांगडीच्या तुकड्याकडे येऊं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचें उत्खनन १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं केलें, त्यांत बहमनी काळच्या कांचेच्या बांगड्या मिळाल्या. १९५४ ते १९५६ मधील नेवाशाच्या उत्खननांतही अशा उत्तरकालीन बांगड्या निघाल्या. पुढें डॉ. दीक्षितांनीं भारतीय कांचेचा इतिहासच लिहिला, तो मुंबई विद्यापीठानें १९६९ मध्यें प्रसिद्ध केला. या बांगड्यांपैकीं कांहीं बहुरंगी आहेत: काळ्या किंवा हिरव्या गाभ्यावर पिवळी, तांबडी वा पांढरी कांच तापवून बसविलेली असते. हें सांधकामच होय. माझा विद्यार्थी ताटावर जें करतो, तें कांचारी मनगटाएवढ्या वळ्यावर करीत असे.

आणि तें सोपें नव्हे. विद्यार्थ्यानें आरंभीं हिरव्या बाटलीचा तुकडा खिडकीच्या कांचेवर ठेवून भाजला. ताट भट्टींतून अखंड निघालें. तिसऱ्या दिवशीं कोणी हात न लावतां सांध्यावरून तडकलें. प्रत्येक जातीची कांच तापतांना आपल्या प्रमाणांत फुगते व निवतांना तितकीच आखडते. दोन जाती एकजीव झाल्या म्हणजे एक अधिक आखडूं पाहते व दुसरी तिला आखडूं देत नाहीं. या ओढाताणीचा शेवट तड्यांत होतो. म्हणून आज या छंदासाठीं मिळणाऱ्या कांचेवर ९० किंवा ९६ असा अंक असतो. दर अंशाला एक कोटी भागांत किती भाग वाढ होते, याचा तो निदर्शक आहे. परंतु केवळ अंक जुळल्यानें सांधा टिकेल अशी खात्री नसते, म्हणून कारखान्यांत दोन कांचा प्रत्यक्ष सांधून पाहतात. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९७४ मध्यें निघालेल्या बुल्सआय कारखान्यानें अशी एकमेकींशीं जुळणारी रंगीत कांच करून हा छंद सुलभ केला. शिवाय सुमारें ५०० अंशांच्या आसपास कांच कांहीं वेळ स्थिर ठेवून मग सावकाश निववावी लागते, नाहीं तर जुळणारी कांचही फुटते.

हें ध्यानांत घेऊन जुनी बहुरंगी बांगडी पाहावी. पांचशें वर्षें जमिनींत राहून तिचा पिवळा ठिपका काळ्या गाभ्यावर घट्ट असेल, तर त्या दोन कांचा जुळत्या होत्या व त्या सावकाश निवल्या होत्या, याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाहीं. कांचाऱ्यापाशीं उष्णतामापक नव्हता, प्रसरणाचा अंक नव्हता. एकाच मूळ कांचेंत निरनिराळीं रंगद्रव्यें घालून तो रंग सिद्ध करीत असावा, असें माझें अनुमान आहे. रासायनिक पृथक्करणानें तें खरें किंवा खोटें ठरूं शकेल. परंतु त्याला जुळणी कळत होती, हें अनुमान नव्हे. सांधाच तें सांगतो.

विसाव्या शतकांत कांचेचा इतिहास कारखान्यांचा झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें, १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे तज्ज्ञ होते. ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मध्यें निघाला, व त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. हा इतिहास अभिमानास्पद आहे. पण तो कांच करण्याचा इतिहास आहे. सांधणाऱ्या कांचाऱ्याच्या भट्टीला त्यांत जागा मिळाली नाहीं, आणि फिरोजाबादच्या बांगड्या बाजारांत भरल्यावर तिची आठवणही मागें पडली.

विद्यार्थ्यास मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें देतों. त्याची भट्टी, त्याची कांच व तिच्यावरील अंक हीं परकीं आहेत; हातांतील काम या भूमीस नवें नाहीं. परंतु जुन्या कांचाऱ्यापासून त्याच्यापर्यंत परंपरा अखंड आली, असें म्हणतां येत नाहीं. ती तुटली आहे, आणि तुटलेली वस्तु तुटलेली आहे असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं.

वाचकांस एवढीच विनंती कीं, ज्यांच्या गांवीं कांचाऱ्यांचीं घरें असतील, त्यांनीं त्या घरांतील वृद्धांकडून भट्टीची रचना, अवजारांचीं नांवें, रंग करण्याची व निवविण्याची रीत लिहून घ्यावी. ओळखीचा शब्द वाटला तरी तो त्यांच्याच उच्चारांत नोंदवावा. गढीच्या कड्यावर दिसलेला तुकडा खिशांत घालूं नये. त्याची जागा व थर यांची नोंद करून तज्ज्ञांस कळवावें. थरावेगळा तुकडा नुसतीच कांच होय. गढी पुढच्या पावसाळ्यांतही थोडी ढासळेल, आणि गोदावरी तुकडे परत करीत नाहीं.