तबकडीवर नसलेली नावे

सावंतवाडीहून बांद्यास उतरले म्हणजे तेरेखोलचे पात्र लागते, आणि तेथून थोड्याच अंतरावर जो मुलूख सुरू होतो त्यावर १९६१ सालापर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. परंतु सरहद्दीच्या दोन्ही अंगांच्या माणसांची सोयरीक, कुलदेवतेचे दर्शन आणि जत्रांतील ये-जा या रेषेने कधी थांबली नाही. आमच्या बाजूस जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, त्याला लिहिलेली संहिता नसते. राजाच्या तोंडून पुढचे वाक्य कोणते निघणार हे खुद्द राजालाही पुरते ठाऊक नसते, आणि तरीही वाक्याच्या अखेरीस मृदंगाची थाप अचूक पडते. या मुलखातील साथीदाराचा कान घडला तो अशा रात्रींतून.

दत्ताराम वाडकर यांचा जन्म १९२९ साली गोव्यात झाला. कुटुंब पुढे सावंतवाडीस आले आणि १९४२ मध्ये मुंबईस गेले. शिक्षण फारसे न झालेल्या या मुलास आईने तबल्याच्या तालमीसाठी मूळच्या गोव्याच्याच पंढरीनाथ नागेशकरांच्या हवाली केले. पाटीवरच्या अक्षराआधी मुलाच्या बोटांतले अक्षर वाचणारी ती माउली मला या हकिकतीतील पहिली गुणग्राहक वाटते. पुढे मुंबईच्या एका व्यायामशाळेत त्यांची गाठ हिंदी चित्रपटांचे संगीतकार शंकर यांच्याशी पडली, जे स्वतःही मूळचे तबलजीच. आणि शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदातील तालाचा सारा कारभार कालांतराने दत्तारामांकडे आला.

त्याच जोडीचा दुसरा सहायक होता सेबॅस्टियन डिसोझा. तो मांडवीच्या मुखाशी वसलेल्या रेइश मागुशचा. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याचा शिरस्ता कित्येक पिढ्यांचा होता, आणि त्या शिरस्त्यातूनच ही मंडळी कागदावरचे संगीत वर्तमानपत्रासारखे वाचणारी निपजली. फाळणीपूर्वी लाहोरात वाद्यवृंद चालविलेला सेबॅस्टियन मुंबईस आला आणि गायकाच्या चालीखालून दुसरी, तिला छेद न देता तिच्याशी बोलणारी चाल व्हायोलिन-चेलोंतून वाहती ठेवण्याचे त्याने एक शास्त्रच उभे केले. म्हणजे एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, एकमेकांशेजारी, देवळाच्या अंगणातील स्मरणाची विद्या आणि चर्चच्या माडीवरील लेखनाची विद्या येऊन बसल्या होत्या. आणि या दोन्ही विद्यांची गावे एका दिवसाच्या वाटेवर आहेत, ही गोष्ट मला त्या संगीताच्या कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

त्या काळी ध्वनिमुद्रण कसे होई हे ध्यानात घेतल्याखेरीज या कसबाची किंमत कळणार नाही. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये गायक आणि सारा ताफा एकाच वेळी, एकाच छताखाली वाजवीत-गात असे. निरनिराळ्या पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनी घेऊन मागाहून जोडण्याची सोय नव्हती. गाणे बहुतेकांना त्याच दिवशी प्रथम कळे, थोड्या तालमी होत, आणि मग तीन मिनिटांच्या अखेरच्या सुरावर मागच्या ओळीतील एखाद्या व्हायोलिनवाल्याचा गज जरासा घसरला, तर पन्नास-साठ माणसांची मेहनत वाया जाऊन सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, हाच तेथला कायदा. मैफलीतील कलावंतास चुकलेली जागा पुढच्या आवर्तनात सावरता येते, श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून बळ घेता येते. येथे श्रोता म्हणून समोर फक्त मायक्रोफोन. शिवाय ते वादन परके. भाव दुसऱ्याचा, चाल तिसऱ्याची, मेहनताना तेवढ्या कामापुरता, आणि तबकडीवर नाव गायकाचे, संगीतकाराचे, चित्रपटाचे. अशा अवस्थेत रोज नव्या गाण्यात संपूर्ण मन ओतणे हे मला केवळ कारागिरीचे लक्षण वाटत नाही. ती एक तपश्चर्या होती, आणि ती पोटासाठी केली म्हणून तिचे मोल कमी ठरविणे मला मान्य नाही.

दत्तारामांच्या हातून एक विलक्षण गोष्ट घडली. ढोलकावरील धावत्या, केरव्याच्या अंगाच्या एका ठेक्याला वादकांनी त्यांचेच नाव दिले, आणि ‘दत्तू ठेका’ हा शब्द धंद्याच्या बोलीत कायमचा रुजला. ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) आणि ‘परवरिश’ (१९५८) यांना त्यांनी स्वतः संगीत दिले; ‘परवरिश’मध्ये तो ठेका ज्या तोऱ्याने चालतो, तो ऐकून मोठ्या माणसांचेही पाय आपसूक हलू लागतात. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांच्या वाट्यास चित्रपट थोडेच आले. याची हळहळ वाटते खरी, पण रागाला गावाचे आणि गायकीला घराण्याचे नाव देणाऱ्या आपल्या देशात एका साथीदाराच्या बोटांची चाल त्याच्या पाळण्यातल्या नावाने ओळखली जावी, हा मान मी लहान समजत नाही.

नाव लाभलेला आणखी एक साथीदार गोव्याचाच. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादक गुरूचे नाव त्यांच्या शिष्याने, संगीतकार प्यारेलालने, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून देशभर पोचविले, पण गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ते एका जिवंत शिक्षकाचे नाव असल्याचे कळले असेल! गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. दत्ताराम त्याआधी, २००७ मध्ये. तोवर यंत्रांनी ते मोठे ताफे विसर्जित केले होते. सावंतवाडीत आजही एखाद्या संध्याकाळी मोती तलावाच्या काठी कोणाच्या तरी रेडिओवर दत्तू ठेक्याचे एखादे जुने गाणे लागते, तेव्हा माझा कान गायकाला सोडून खाली उतरतो, आणि ढोलकाच्या बायावर घासत गेलेला तो तळवा शोधू लागतो.