रानात रोवलेल्या खांबाचं कुळ

1967च्या अखेरीस अमेरिकी विमानं लाओसच्या जंगलात एक निराळंच पीक पेरू लागली. वरून टाकलेली लोखंडी नळी जमिनीत रुतून बसायची आणि वर फक्त अँटेना उरायची. तिला आकार दिलेला असे झुडपाच्या फांद्यांचा. हो ची मिन्ह मार्गावरून ट्रक गेला की नळीला हादरे कळत. ती रेडिओवरून घिरट्या घालणाऱ्या विमानाला खबर देई, तिथून ती थायलंडमधल्या नाखोन फानोमच्या तळावरच्या संगणकांकडे जाई, आणि मग बॉम्ब पडत. 'इग्लू व्हाइट' हे त्या मोहिमेचं नाव. नाशिकच्या द्राक्षबागेत आज जो खांब दिसतो, डोक्यावर सौरपट्टी घेऊन मातीची ओल आणि पानांवरचं दव मोबाइलवर कळवणारा, त्याचं एक मूळ या जंगलात आहे.

दुसरं मूळ शेतीतलंच, आणि माझ्या लेखी तेच जास्त मोलाचं. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या युटा राज्याच्या कृषी महाविद्यालयात विलर्ड गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी लोरेन्झो रिचर्ड्स मातीतल्या पाण्याच्या ओढीचा अभ्यास करत होते. त्यातून टेन्शिओमीटर घडत गेला. पाण्याने भरलेली बंद नळी, आणि तिच्या तळाशी माठासारखी पाझरणारी भाजक्या मातीची छोटी वाटी. भोवतीची माती सुकली की ती या वाटीतून पाणी ओढून घेते, नळीत पोकळी तयार होते आणि वरचा काटा सरकतो. खुबी अशी, की हे उपकरण मातीत पाणी किती आहे ते सांगत नाही. ते मिळवायला मुळांना किती जोर लावावा लागतोय, ते सांगतं. चिकण काळ्या रानात पाणी असूनही पीक माना टाकतं, कारण ती माती पाणी घट्ट धरून ठेवते. 'वाफसा आहे का' हे मूठभर माती दाबून बघणाऱ्याला जे कळत असे, त्याला इथे पहिल्यांदा आकडा मिळाला. पुढे 1940 साली मिशिगनमध्ये बोयूकॉस आणि मिक यांनी जिप्समच्या ठोकळ्यात विजेच्या तारा बसवल्या. ठोकळा ओला असेल तर वीज सहज वाहते, सुकला की अडते. ओल आता विजेच्या भाषेत बोलू लागली, म्हणजे ती रेडिओवर चढायला मोकळी झाली.

ती चढायला मात्र साठ वर्षं लागली. बर्कलीच्या क्रिस पिस्टर यांनी 1997 साली 'स्मार्ट डस्ट'ची कल्पना मांडली: धुळीच्या कणाएवढा संगणक, संवेदक आणि रेडिओ एकत्र. पैसा संरक्षण खात्याच्या 'डार्पा'चा होता. मार्च 2001मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, ट्वेंटीनाइन पाम्सच्या लष्करी तळावर, छोट्या चालकरहित विमानातून असे संच, म्हणजे नोड, टाकून जाणाऱ्या गाड्यांचा माग काढून दाखवला गेला. लाओसचाच प्रश्न, फक्त उपकरण मुठीत मावणारं. पण पुढच्याच वर्षी तेच तंत्र मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत उतरलं; माणसाची चाहूलही न लागता घरट्याचं तापमान कळू लागलं. लगोलग इंटेलच्या संशोधकांनी कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात, एका द्राक्षमळ्यात 65 नोड बसवले. बॅटरीवर चालणारा, बहुतेक वेळ झोपलेला, जागा झाला की शेजाऱ्याचा निरोप पुढे ढकलणारा असा एकेक नोड.

शेतात हे काम किती अवघड, ते 2005मध्ये नेदरलँड्सच्या बटाट्याने शिकवलं. आयर्लंडमध्ये 1845पासून ज्या करप्याने दुष्काळ आणला, त्याची चाहूल पानांमधल्या दमटपणावरून घ्यायची, असा बेत. शंभराच्या आसपास नोड लावले. नवा प्रोग्राम बिनतारी पोचवणारी यंत्रणा गप्प बसेना, बॅटऱ्या काही दिवसांत संपल्या. मोसमाअखेर हाती आली ती अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम 2 टक्के. संशोधकांनी हे लपवलं नाही, 'मर्फीला बटाटे आवडतात' अशा अर्थाच्या मथळ्याखाली सगळं छापलं; मर्फी म्हणजे 'बिघडू शकेल ते बिघडणारच' या नियमाचा. पुढच्या कितीतरी गटांचे कष्ट त्या प्रांजळपणाने वाचले असणार.

त्याच सुमारास कर्नाटकातल्या पावगड तालुक्यातल्या चेन्नकेशवपुरात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडची ईपीएफएल मिळून काम करत होत्या. इथे नोड लावण्याआधी शेतकऱ्यांना विचारलं गेलं की तुम्हाला काय कळायला हवंय. साऱ्या कुळकथेत मला हे पाऊल सर्वांत मोठं वाटतं. कारण पावसावरच्या भुईमुगाने एक उघड गोष्ट पुढे आणली: ओल संपत आली हे कळलं, पण विहिरीत पाणीच नसेल, तर तो आकडा घेऊन करायचं काय? तिथली माहिती एकेका शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी पिकाच्या संगणकीय प्रतिमानांना पुरवायची, म्हणजे पेरणीचा आणि एखाद्या संरक्षित पाण्याचा सल्ला नेमका होईल, असा विचार त्यातून पुढे आला.

नाशिकच्या द्राक्षाचं तसं नाही. तिथे कळलं की लगेच काही करता येतं. आयआयटी मुंबईतल्या प्रा. उदय देसाई आणि प्रा. एस. एन. मर्चंट यांच्या गटाने 'ॲग्रिसेन्स' हे नोडचं जाळं सुला या वाइन कंपनीच्या द्राक्षमळ्यात आणलं, त्यामागे हेच कारण. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते, तेव्हा पाऊस-दव रेंगाळलं की केवडा हा बुरशीचा रोग धरतो. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं, यावर लागण ठरते. ते मोजायला पानाच्या आकाराची पट्टी असते, तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या तांब्याच्या रेषा. दवाने दोन रेषा जोडल्या की वीज वाहते आणि घड्याळ सुरू होतं. बागायतदार भीतीपोटी फवारतो, तेव्हा औषधाचा खर्च तर होतोच, शिवाय फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशावर युरोपने घातलेल्या मर्यादेची टांगती तलवार. नको असलेली एक फवारणी टळली, तरी ही पट्टी कामाला आली.

निरोप पोचवणंही पुढे सोपं झालं. 2012 साली सेमटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीने फ्रान्समधल्या ग्रेनोबलची सायक्लिओ कंपनी घेतली आणि तिचं 'लोरा' हे रेडिओचं तंत्र जगभर पसरलं. कमी विजेत काही किलोमीटर निरोप जाऊ लागला, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ढकलायची गरज उरली नाही. कित्येक खांबांत तर आता सरळ सिमकार्ड असतं.

पण दोन एकरांच्या धन्याला स्वतःचा खांब परवडावा, हा हट्ट मला पटत नाही. दव शिवारात बऱ्यापैकी सारखं पडतं. एका ओढ्याकाठच्या आठ-दहा बागांना एक खांब पुरेल, गटाने तो वर्गणीत घ्यावा. ओलीचं मात्र तसं नाही. ती बांध ओलांडला की बदलते, मुरमाड तुकड्यात वेगळी, खोल काळीत वेगळी. तिच्यासाठी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने केलेलं हातातलं उपकरण मला जास्त जवळचं वाटतं. दोन सळया मातीत खुपसायच्या. निळा दिवा लागला तर ओल भरपूर, हिरवा लागला तर पुरेशी, नारिंगी म्हणजे पाणी द्या, तांबडा म्हणजे आत्ताच द्या. ना रेडिओ, ना सिमकार्ड, ना महिन्याची वर्गणी. एका माणसाने सकाळी निघावं आणि चार जणांची रानं तपासून यावीत.