पारा उतरला, तरी जीव का घाबरतो?

मे महिन्यात अकोटला घरोघरी कूलर घरघरत असतात. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असतो, तरी ओल्या ताट्यांतून येणारा वारा गार लागतो. मग मृग जवळ आला की आभाळ भरून येते आणि पारा ३८ वर उतरतो. आता तोच कूलर काही कामाचा राहत नाही, अंग नुसते चिकचिकते. अशा वेळी तुम्ही विचारता, "डॉक्टर, ऊन तर कमी झालं, मग जीव का घाबरतो?" याचे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे.

१७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या मुद्दाम तापवल्या. डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे मित्र त्या खोल्यांत शिरले. तापमान पुढे जवळपास १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेले. अंडी २० मिनिटांत कडक झाली, मांस शिजून कोरडे पडले. आत गेलेली माणसे मात्र काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आली आणि त्यांच्या अंगाचे तापमान फारसे वाढले नव्हते. एक कुत्राही आत ठेवला होता. त्याचे पाय भाजू नयेत म्हणून त्याला टोपलीत बसवले होते. तोही धापा टाकत तगला.

हे कसे झाले? ब्लॅग्डेन यांनी त्याच खोलीत पाण्याची भांडी ठेवली. उघडे पाणी उकळले नाही, पण ज्या पाण्यावर तेलाचा थर दिला होता ते उकळले. वाफ होऊन उडताना पाणी उष्णता घेऊन जाते. आपला माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात, आणि आपला घामही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो.

फोर्डाइस यांनी दुसऱ्या खोलीत जमिनीवर पाणी ओतून वाफ केली. तिथे तापमान जेमतेम ५० अंशांच्या आसपास होते. तरी घामाच्या धारा लागल्या आणि अंगाचे तापमान वाढू लागले, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. मृगाआधीच्या अकोटमध्ये नेमके हेच होते.

आता आपल्या परिसराकडे पाहा. म्हशीला घाम कमी येतो, म्हणून ती डबक्यात बसते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. मेळघाटातला वाघ भर दुपारी पाणवठ्यात बसून राहतो. सागाची मोठी पाने पाणी उडवतात, म्हणून साग ती गाळून टाकतो. प्रत्येकाने पाणी आणि उष्णता यांचा हिशेब आपापल्या परीने बसवला आहे.

माणसाचे शरीरही शिकते, पण त्याला वेळ लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले. तेव्हा १९३०च्या दशकापासून तिथे नव्या मजुरांना आधी उष्णतेची सवय करून देण्याची पद्धत सुरू झाली. रोज थोडे काम केले तर एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि घामातून मीठ कमी जाते. काही आठवडे गावाबाहेर किंवा एसीत राहिल्यास ही सवय मोडते. म्हणून पुण्याहून सुटीत आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी भर दुपारी शेतात राबू नये.

या इतिहासातून आपल्याला काय घ्यायचे?

पाणी, ताक, पन्हे किंवा ओआरएस घ्या. हृदयाचा, किडनीचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. खिशातला कांदा अंग गार करत नाही. हवा दमट असेल तेव्हा खिडकी उघडी ठेवून कूलर लावा आणि कामे पहाटे उरका.

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा. घाम आहे की नाही, यावर जाऊ नका. १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगी नाही.

ओले अंग आणि वारा: ब्लॅग्डेन यांच्या खोलीतला हा धडा तुमच्या बांधावर कुणाचा तरी जीव वाचवू शकतो.